ओर्झामारचा राजा कोण?

जानेवारी 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या अमेरिकन कंपनीने एक आकडा जाहीर केला. 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' हा त्यांचा नवा गेम त्या तिमाहीत साधारण 15 लाख लोकांनी खेळला होता. कंपनीच्या अपेक्षेपेक्षा हे जवळजवळ 50 टक्क्यांनी कमी होतं. महिना संपायच्या आत गेम बनवणाऱ्या बायोवेअर या स्टुडिओत फेररचना झाली. काही जणांना ईएच्या इतर स्टुडिओंत पाठवलं, काहींना घरी. उरलेली माणसं शंभरच्याही आत आली, अशा बातम्या होत्या. नारळ मिळालेल्यांत ट्रिक वीक्स होते. मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं पात्र, सोलास, त्यांनी लिहिलेलं.

2009 ते 2024 या पंधरा वर्षांत ड्रॅगन एजचे चार मुख्य गेम आले. मालिका बंद झाली असं अजून कुणी अधिकृतपणे म्हटलेलं नाही. पण स्टुडिओ आता 'मास इफेक्ट' या आपल्या दुसऱ्या मालिकेकडे वळलाय आणि थेडस नावाच्या त्या काल्पनिक खंडात दिवा लावायला फारसं कुणी उरलेलं नाही.

हे का झालं, याची दोन उत्तरं युट्यूबवर लगेच तयार होती. एक गट म्हणाला, गेममध्ये लिंगओळख वगैरे विषय घुसवले म्हणून बुडाला. दुसरा म्हणाला, ईए लोभी आहे, विषय संपला. पहिलं उत्तर मला पटत नाही, ते का हे पुढे सांगतो. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते 'पाऊस पडला म्हणून पूर आला' इतकंच सांगतं. धरण नेमकं कुठे फुटलं ते त्यात नाही. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मला या पडझडीत एक ओळखीची गोष्ट दिसते. या मालिकेची स्मरणशक्ती गेली. आधी ती बनवणाऱ्यांची गेली, मग खेळाची.

ज्यांनी हे गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एडमंटन नावाचं थंडगार शहर आहे. तिथे 1995 मध्ये रे म्युझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप या तीन डॉक्टरांनी बायोवेअर सुरू केली. डॉक्टर म्हणजे खरोखरचे, एमडी केलेले. 1998 मध्ये त्यांचा 'बाल्डर्स गेट' आला आणि संगणकावरच्या भूमिका-खेळांना, म्हणजे आरपीजींना, नवं आयुष्य मिळालं. 'बाल्डर्स गेट'चं जग मात्र त्यांचं नव्हतं. ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाकडून परवान्यावर घेतलेलं होतं. मग त्यांनी स्वतःचं जग रचायला घेतलं. त्या जगाला नाव सुचेना तेव्हा 'द ड्रॅगन एज सेटिंग' या शब्दांची आद्याक्षरं जोडून 'थेडस' असं कामचलाऊ नाव ठेवलं आणि तेच टिकलं. 2004 मध्ये गेमची घोषणा झाली, 2007 मध्ये ईएने बायोवेअर विकत घेण्याचा करार केला आणि नोव्हेंबर 2009 मध्ये 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' बाजारात आला.

'ओरिजिन्स' हे नाव उगाच नव्हतं. गेम सुरू करताना तुम्ही सहापैकी एक जन्म निवडायचा. मानवी सरदाराचं घर, शहरातल्या एल्फांची वस्ती, जंगलात भटकणारे एल्फ, जादूगारांचा मनोरा, बुटक्यांचा राजवाडा किंवा बुटक्यांचीच झोपडपट्टी. प्रत्येक जन्माची सुरुवातीची दोनेक तासांची कथा वेगळी. त्यानंतर सगळे एकाच मोठ्या कथेत येतात. डार्कस्पॉन नावाची राक्षसी फौज वर येतेय, तुम्ही ग्रे वॉर्डन या पथकातले जवळजवळ शेवटचे शिलेदार आहात आणि फेरेल्डन राज्यातल्या भांडणाऱ्या लोकांना एकत्र आणायचंय. कथा तशी सरधोपट. पण जन्म कुठला घेतला यावर त्याच कथेचा अर्थ बदलायचा.

हे मला कळलं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. गेम तेव्हाच सात वर्षं जुना होता आणि म्हणून आमच्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालायचा. मजल्यावर फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरून तो मी आणि माझ्या रूमीने एकाच रात्री कॉपी केला. मी बुटक्यांचा राजपुत्र घेतला. त्याने बुटक्यांच्या झोपडपट्टीतला पोरगा घेतला.

बुटक्यांचं शहर ओर्झामार. जमिनीखाली, दगडात कोरलेलं, आणि पूर्णपणे जातींवर चालणारं. सरदार, योद्धे, लोहार, व्यापारी, नोकर, सगळ्यांच्या जाती जन्माने ठरलेल्या. या सगळ्यांच्या खाली जातिबाह्य. त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणीच गोंदून खूण करतात, म्हणजे कुणी चुकून सुद्धा त्यांना कामावर ठेवू नये. रूमीचं पात्र हे होतं. त्याच्या सुरुवातीच्या कथेत रिंगणातली एक स्पर्धा आहे. ज्याने लढायचं तो योद्धा दारू पिऊन पडलेला असतो, म्हणून हा त्याचं चिलखत आणि शिरस्त्राण चढवून उतरतो आणि सगळ्यांना हरवतो. मग खरं कळतं. जिंकला याचं कौतुक कुणालाच नाही. योद्ध्यांच्या रिंगणात पाय ठेवला म्हणून थेट तुरुंग.

तो हे खेळत होता तेव्हा मी शेजारी बसून बघत होतो. पात्राच्या गालावरच्या खुणेकडे बघत तो म्हणाला, "यांचं बरंय. तोंडावर दिसतं. आपल्याकडे आडनाव विचारत बसावं लागतं."

माझं आडनाव मला कॉलेजात कुणी दोनदा विचारलं नव्हतं. त्याला पहिल्या आठवड्यात सिनिअर्सनी आधी आडनाव, मग गाव, मग सीईटीचा स्कोअर आणि शेवटी 'कुठल्या राउंडला लागला' असं सगळं विचारून झालं होतं. आम्ही दीड वर्ष एका खोलीत राहत होतो आणि या विषयावर तोवर एक वाक्य बोललो नव्हतो. तेही त्याने स्क्रीनकडे बघतच म्हटलं.

पुढे मोठ्या कथेत आम्ही दोघंही ओर्झामारला पोचलो. राजा मेलाय, गादीसाठी दोन दावेदार आहेत. हॅरोमाँट हा म्हातारा, सज्जन, दिल्या शब्दाला जागणारा. बेलेन हा मेलेल्या राजाचा धाकटा मुलगा, कपटी, आपल्या भावांच्या मुळावर उठलेला. तुम्ही ज्याच्या बाजूने उभे राहाल तो राजा.

मी राजपुत्र म्हणून खेळत होतो, म्हणजे बेलेन माझा धाकटा भाऊ. माझ्या सुरुवातीच्या कथेत त्यानेच मोठ्या भावाचा काटा काढून आळ माझ्यावर घातला आणि मला मरायला खोल बोगद्यांत धाडलं. मी हॅरोमाँटलाच राजा करणार, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. रूमीच्या खेळात चित्र वेगळं. त्याच्या पात्राची बहीण बेलेनच्या राजवाड्यात आहे, तिला बेलेनपासून मुलगा झालाय आणि ओर्झामारच्या कायद्याप्रमाणे मुलाला बापाची जात मिळते. म्हणजे झोपडपट्टीतली बाई आता सरदाराच्या घरात, कारण तिचा मुलगा सरदार. त्याने बेलेनला राजा केलं.

गेम संपल्यावर शेवटी मजकूर येतो, कुठल्या निर्णयाचं काय झालं ते सांगणारा. माझा हॅरोमाँट सज्जन राहिला, पण त्याच्या राज्यात ओर्झामारने बाहेरच्या जगाला दारं बंद केली आणि जातींची बंधनं आणखी आवळली. त्याचा बेलेन हुकूमशहा झाला, सरदारांची सभाच मोडून टाकली. पण त्याने बाहेरचा व्यापार वाढवला आणि जातिबाह्यांना हत्यार उचलायचा हक्क आणि त्याबरोबर थोडी मोकळीक दिली.

त्या रात्री मेसची खिचडी थंड होईपर्यंत आम्ही भांडलो. मी म्हणत होतो, खुनी माणसाच्या हातात राज्य कसं द्यायचं? तो म्हणाला, "तुझा चांगला माणूस कुणासाठी चांगला आहे ते बघ ना भावा." भांडण मिटलं नाही. पण त्या दिवसानंतर आमच्या खोलीत बऱ्याच गोष्टींवर बोलणं सुरू झालं, ज्या त्याआधी दोघांनीही टाळल्या होत्या.

हे एडमंटनमधल्या लेखकांनी भारत डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असेल, असं मी म्हणत नाही. त्यांनी फक्त एक काम चोख केलं होतं. तुम्ही कोण आहात, कुणाशी कसे वागलात आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे त्यांचा गेम लक्षात ठेवायचा. आणि लक्षात ठेवताना तुम्हाला शाबासकी द्यायची घाई करायचा नाही.

पुढच्या गेमपासून उतरण सुरू झाली असं सरसकट म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. 'ड्रॅगन एज 2' मार्च 2011 मध्ये आला, पहिल्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांनी. घाई जागोजागी दिसते. तीच गुहा, तेच गोदाम, फक्त दरवाजे बदलून पुन्हा पुन्हा समोर येतात. पण लिखाण धाडसी होतं. हॉक नावाचं निर्वासित कुटुंब कर्कवॉल शहरात येतं आणि काही वर्षांत हळूहळू उद्ध्वस्त होतं. तुम्ही जगाला वाचवत नाही, तुम्हाला स्वतःची आई सुद्धा वाचवता येत नाही. आणि पहिल्या गेमची सेव्ह फाइल तुम्ही या गेमला देऊ शकत होता. तुमचे आधीचे निर्णय तो वाचायचा. पहिल्या गेममधला एखादा माणूस तुमच्या हातून मेला असेल तर तो इथे सहसा मेलेलाच राहायचा.

2012 मध्ये दोन्ही संस्थापक, म्युझिका आणि झेशुक, निवृत्त झाले. यिप त्याआधीच पुन्हा डॉक्टरकीकडे गेले होते. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये 'इन्क्विझिशन' आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार त्यालाच मिळाला आणि मालिकेतला सर्वाधिक खपलेला गेमही तोच. निर्माता मार्क डेरा यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे 1 कोटी 20 लाखांहून जास्त प्रती खपल्या. मग त्यात उतरण कुठली?

ती आत होती. हा गेम फ्रॉस्टबाइट नावाच्या इंजिनवर बांधला. इंजिन म्हणजे गेमचा पाया: चित्र, हालचाल, आवाज, भौतिकशास्त्र, सगळं सांभाळणारी यंत्रणा. फ्रॉस्टबाइट ईएच्याच स्वीडनमधल्या स्टुडिओने 'बॅटलफिल्ड' या गोळीबाराच्या गेमसाठी बनवलं होतं. बंदूक आणि कोसळणाऱ्या इमारती त्याला उत्तम जमायच्या. पण आरपीजीला साथीदारांना हुकूम द्यायचे असतात, झोळीत सामान साठवायचं असतं, लांबलचक संवाद असतात, खेळ मध्येच सेव्ह करायचा असतो. यातलं कितीतरी बायोवेअरच्या लोकांना स्वतः बांधून घ्यावं लागलं, आणि ते सुद्धा पाच वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मांवर एकाच वेळी. आपल्या ऑफिसात वरून फर्मान येतं ना, की उद्यापासून सगळ्या टीम एकच फ्रेमवर्क वापरतील, खर्च वाचेल? तसं. खर्च वाचतो तो तक्त्यावर. टीम मात्र जे सांगायचंय ते सोडून पाया घालण्यात वर्षं घालवते.

याच वेळी सेव्ह फाइल थेट वाचणं सोडून बायोवेअरने 'ड्रॅगन एज कीप' ही वेबसाइट काढली. नव्या पिढीच्या कन्सोलवर जुन्या फाइल्स चालणार नव्हत्या, म्हणून तिथे जाऊन आधीच्या दोन गेममधले शेकडो निर्णय भरायचे. ओर्झामारचा राजा कोण, हा प्रश्न तिथे होता. मी आणि रूमीने, शेवटच्या वर्षाला, सबमिशनच्या आदल्या रात्री, आपापले रकाने भरले. त्याने बेलेन. मी हॅरोमाँट. त्याबद्दल पुन्हा थोडं भांडलो.

खरा घाव 2017 मध्ये बसला. पत्रकार जेसन श्रायर यांच्या बातम्यांमधून हा इतिहास बाहेर आला. चौथ्या गेमचं काम सुरू झालं होतं, सांकेतिक नाव 'जॉपलिन'. टेव्हिंटर साम्राज्यात घडणारी, हेरांची आणि चोऱ्यांची, आटोपशीर पण निर्णयांनी गच्च भरलेली कथा. ऑक्टोबर 2017 मध्ये ते बंद केलं. बरीचशी माणसं 'अँथम' या ऑनलाइन गेमवर लावली आणि ड्रॅगन एज नव्याने 'मॉरिसन' या नावाने सुरू झाला, यावेळी लाइव्ह सर्व्हिस म्हणून. लाइव्ह सर्व्हिस म्हणजे न संपणारा गेम. बीजीएमआय खेळणाऱ्यांना सांगायला नको: दर सीझनला नवा रॉयल पास, नवे कपडे, नवा खर्च. 'अँथम' फेब्रुवारी 2019 मध्ये आला आणि आपटला. 2021 च्या फेब्रुवारीत त्याची डागडुजी सुद्धा सोडून दिली. त्याच सुमाराला ड्रॅगन एजमधला ऑनलाइन भाग काढून तो पुन्हा एकट्याने खेळायचा गेम करायचं ठरलं.

म्हणजे एकट्याचा, मग सगळ्यांचा, मग पुन्हा एकट्याचा. ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना विचारा, याचा अर्थ काय होतो. निर्णय फिरवायला एक मीटिंग पुरते. आधीच्या निर्णयावर बांधलेलं मात्र कुठेही जात नाही. चारचौघांनी मिळून खेळायच्या गेममध्ये एका खेळाडूच्या निर्णयाने जग बदलून चालत नाही, कारण बाकी तिघांचं जग तेच असतं. असा गेम पुन्हा पुन्हा खेळता येतील अशा मोहिमांभोवती रचतात आणि संवाद हलकेफुलके ठेवतात. त्याची हाडं अशी बनतात. वरचं कातडं नंतर बदललं तरी चाल तीच राहते.

आणि दरम्यान माणसं जात होती. थेडसचा मुख्य रचनाकार लेखक डेव्हिड गेडर 2016 मध्ये गेला. मालिकेचा क्रिएटिव्ह डिरेक्टर माइक लेडलॉ ऑक्टोबर 2017 मध्ये. मार्क डेरा आणि स्टुडिओप्रमुख केसी हडसन डिसेंबर 2020 मध्ये. ऑगस्ट 2023 मध्ये बायोवेअरने साधारण 50 जणांना काढलं. त्यांत मेरी कर्बी होती, जी पहिल्या गेमपासून तिथे लिहीत होती. व्हॅरिक हे बोलघेवडं, गोष्टीवेल्हाळ पात्र तिचं. 'व्हेलगार्ड'ची अख्खी कथा व्हॅरिकच्या आवाजात सांगितली जाते. तो आवाज बाजारात पोचला तेव्हा त्याच्या लेखिकेला काढून वर्ष उलटून गेलं होतं.

मी ज्या कंपनीत आधी काम करायचो तिथे एक सिनिअर होते. बारा वर्षं एकाच प्रॉडक्टवर. दोन वर्षांत त्या प्रॉडक्टची दिशा तीनदा बदलली आणि तिसऱ्या वेळी त्यांचं पद 'अनावश्यक' ठरलं. त्यांना हँडओव्हरला दहा दिवस मिळाले. त्यांनी एक्केचाळीस पानांचं डॉक्युमेंट लिहिलं, प्रामाणिकपणे. चार महिन्यांनी एका जुन्या ग्राहकाची बिलं चुकायला लागली आणि आम्ही पाच जण तीन दिवस एकाच फंक्शनपुढे बसून राहिलो. त्यात एक विचित्र अट होती. कोड काय करतोय ते कळत होतं. का करतोय ते त्या एक्केचाळीस पानांत नव्हतं, कारण ते विचारायला हवं हेच कुणाला सुचलं नव्हतं. शेवटी आम्ही त्यांना फोन केला. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. आवाजात जराही कडवटपणा नव्हता, त्याचाच जास्त त्रास झाला. त्या फोनबद्दल कंपनीच्या कुठल्याही नोंदीत काही नाही.

थेडसची सुद्धा डॉक्युमेंटं असणार. विकी तर चाहत्यांनीच हजारो पानांची लिहून ठेवलीय. पण अमुक पात्र अमुक ठिकाणी गप्प का राहतं, हे विकीवर नसतं.

31 ऑक्टोबर 2024 ला 'व्हेलगार्ड' आला. मी पूर्ण किमतीला घेतला आणि शेवटपर्यंत खेळलो. तो टाकाऊ गेम नाही. पहिल्या दिवसापासून नीट चालला, जे हल्ली दुर्मीळ झालंय. लढाई चपळ आहे. केसांची बट न बट हलते. एमरिक हा मृतांशी बोलणारा, मरणालाच घाबरणारा प्राध्यापक मनापासून लिहिलाय. एका टप्प्यावर दोन शहरांपैकी एकच वाचवता येतं आणि शेवटच्या दोन तासांत तुमच्या निर्णयांनी साथीदार मरतात. तिथे जुनी बायोवेअर क्षणभर डोकावते.

पण आधीच्या तीन गेममधले किती निर्णय त्याने विचारले? तीन. तिन्ही फक्त 'इन्क्विझिशन'मधले. पहिल्या दोन गेममध्ये तुम्ही काय केलंत, त्याबद्दल एकही प्रश्न नाही. ज्या दक्षिणेत आधीचे तिन्ही गेम घडले तिथे काय चाललंय ते अधूनमधून येणाऱ्या पत्रांतून कळतं. दक्षिणेची वाताहत झाली, इतकंच. तुम्ही ज्यांना राजे केलंत, ज्यांना माफ केलंत, ज्यांचा जीव घेतलात, ते सगळं त्या वाताहतीखाली गेलं. नव्या खेळाडूला अडचण नको, हे कारण समजण्यासारखं आहे. पण हिशोबाची वही जाळून हिशोब सोपा केल्यासारखं ते वाटतं.

आणि हे विसरणं फक्त खेळाडूच्या निर्णयांपुरतं नाही. गेम स्वतःचं जगच विसरलाय. पहिल्या गेममधला झेव्हरान सांगतो, अँटिव्हन क्रोज या मारेकऱ्यांच्या टोळीने त्याला लहान असताना विकत घेतलं. पोरं विकत घ्यायची, मारझोड करून मारेकरी बनवायचे, ही त्यांची रीत. 'व्हेलगार्ड'मध्ये तेच क्रोज शहराचे लाडके स्वातंत्र्यसैनिक आहेत. टेव्हिंटर हे गुलामांच्या जिवावर उभं असलेलं साम्राज्य, असं तीन गेम आपण ऐकत आलो. चौथ्यात आपण त्याच्या राजधानीत पोचतो आणि गुलामी जवळजवळ दिसतच नाही. तुमचा नायक रुक काहीही निवडलं तरी चांगलंच बोलतो. प्रेमाने चांगलं, थट्टेने चांगलं किंवा करारीपणाने चांगलं. ओर्झामारमध्ये जसा वाईट माणूस उपयोगी राजा ठरू शकत होता, तसं काही इथे होतच नाही. खलनायक सोडले तर कुणीच कुणासाठी वाईट नाही.

म्हणूनच 'वेगळे विषय घुसवले' हा आरोप मला पोकळ वाटतो. 2009 च्या पहिल्याच गेममध्ये पुरुषाला पुरुषावर आणि बाईला बाईवर प्रेम करता येत होतं. 'इन्क्विझिशन'मधल्या डोरियनची कथा म्हणजे समलिंगी मुलाला रक्ताच्या जादूने 'बदलू' पाहणाऱ्या बापाची कथा. त्यात बाप राक्षस नाही आणि मुलगा त्याला सहज माफ करत नाही. समोरासमोर उभ्या असलेल्या त्या दोघांचा प्रसंग आजही अंगावर येतो. 'व्हेलगार्ड'मध्ये ताश या पात्राकडे स्वतःच्या ओळखीचा असाच प्रश्न आहे. विषय तेच. फरक पडला तो इतकाच की आता पात्रं एकमेकांना न दुखावता बोलतात, जणू मागे एचआर बसलाय.

ईएच्या मुख्याधिकाऱ्यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये गुंतवणूकदारांना जे सांगितलं त्याचा आशय असा की खेळाडूंना हल्ली चांगल्या कथेसोबत सामायिक जगाची वैशिष्ट्यं हवी असतात. म्हणजे जे काढलं त्यामुळेच बुडालो. याच्या दीड वर्ष आधी, ऑगस्ट 2023 मध्ये, 'बाल्डर्स गेट 3' आला होता. बायोवेअरने 1998 मध्ये सुरू केलेल्या मालिकेचा तिसरा भाग, पण बनवला बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने. ना रॉयल पास, ना आतलं दुकान. कुठल्याही माणसाला मारा, वाचवा, फसवा. गेम ते लक्षात ठेवतो. त्या वर्षीचे बहुतेक सगळे मोठे पुरस्कार त्याने नेले आणि प्रती कोटीच्या वर खपल्या. लॅरियनवर वरून हुकूम सोडणारी मोठी प्रकाशक कंपनी नाही. एकच माणूस, स्वेन विंके, 1996 पासून ती चालवतोय.

'व्हेलगार्ड'ची घोषणा झाली तेव्हा रूमीचा मेसेज आला होता. तो आता एका सरकारी खात्यात आहे, गेमसाठी वेळ नसतो. मी गेम संपवल्यावर त्याने विचारलं, "ओर्झामारचं काय झालं?"

मी म्हटलं, "विचारलंच नाही त्यांनी."

बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "मग माझा बेलेन?"

पुढे एक हसण्याची इमोजी होती. मी पण एक पाठवली. पण तो खेळ आठवला की मला अजूनही त्याचं ते गालावरच्या खुणेचं वाक्य ऐकू येतं. त्या काल्पनिक राजामुळे आमच्यात जे बोलणं झालं ते इतर कशाने झालं असतं का, मला शंका आहे. तो निर्णय पुढे कुठेच मोजला गेला नाही, हे वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. मला नाही वाटत.

तुम्ही यातलं काहीच खेळलं नसेल, तर सुरुवात 'ओरिजिन्स'पासून करा. सेलमध्ये स्वस्तात मिळतो आणि आजच्या कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. फक्त एक अडचण आहे: गेम 32-बिट काळातला असल्यामुळे जास्त मेमरी वापरू शकत नाही आणि मोठ्या शहरांत क्रॅश होतो. त्यावरचा पॅच चाहत्यांमध्ये कधीपासून फिरतोय. तो टाकल्यावर मेमरी पुरते. मग खेळ दोनदा खेळा. एकदा राजवाड्यातून सुरू करा, एकदा चेहऱ्यावर खूण घेऊन. आणि दोन्ही वेळा, ओर्झामारला पोचल्यावर, राजा कोण ते ठरवा.